‘गोकुळधाम’मधील नीतिबोध व भाषाव्यवहार

विनोदातून नीतिबोध घडतो काय, हा प्रश्न वाङ्मयविचारात नवा नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांविषयी मात्र तो क्वचितच गांभीर्याने विचारला जातो. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी मालिका अशा विचारास विशेष योग्य आहे. तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून लिहिलेल्या सदरावर ती आधारलेली आहे. गोरेगावातील ‘गोकुळधाम’ या कल्पित सोसायटीत कच्छी-गुजराती जेठालाल, मराठी आत्माराम भिडे, तमिळ अय्यर, पंजाबी सोढी आदींची कुटुंबे एकत्र नांदतात.

या मालिकेतील नीतिबोधाची उघड स्थाने दोन : चिटणीस भिडे फळ्यावर लिहितात तो सुविचार आणि तारक मेहता हे पात्र करते ते निरूपण. आमच्या मते ही दोन्ही स्थाने दुर्बळ होत, कारण तेथे बोध घटनेवर वरून चिकटविलेला असतो. खरा बोध आहे तो तंटा मिटविण्याच्या रीतीत. मुलांच्या चेंडूने भिड्यांची काच फुटते, जेठालालशी भांडण जुंपते, सर्वजण जमतात आणि वृद्ध चंपकलाल प्रसंगी स्वतःच्या मुलाचीच कानउघाडणी करतात. भिडे, अय्यर, सोढी यांच्या हिंदीवर ज्याच्या त्याच्या मातृभाषेची छाया आहे. तीतून हशा पिकतो. परंतु उच्चारावरून कोणाचे म्हणणे खोटे ठरत नाही. आमच्या मते मालिकेचा सर्वांत मोलाचा धडा हाच होय.

तथापि या सलोख्याची एक मर्यादा २०२० साली दिसून आली. सुविचार कोणत्या भाषेत लिहावा, असा वाद एका भागात निघाला. सोसायटी चेन्नईत असती तर तो तमिळमध्ये लिहिला असता, मुंबईची सर्वसाधारण भाषा मात्र हिंदी आहे, असा निवाडा चंपकलाल यांनी दिला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आक्षेप घेतला व निर्माते असित मोदी यांना मुंबईची भाषा मराठी असल्याचा खुलासा करावा लागला. येथे तत्त्व निर्दोष होते : फळ्यावरची भाषा स्थळाची असावी. चूक झाली ती स्थळाची भाषा ओळखण्यात. संपर्कासाठी सोयीची भाषा आणि स्थळाची भाषा यांतील भेद निवाड्यात पुसला गेला.

पालघर जिल्ह्यातील बोईसरलगतच्या बेटेगावासारख्या ठिकाणी हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र व पुढे वाढलेली औद्योगिक वसाहत यांमुळे या परिसरात अनेक प्रांतांतील माणसे स्थायिक झाली. गृहसंकुलांतील सभा हिंदीत चालविणे त्यांना सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु चंपकलाल यांचेच तत्त्व येथे लाविले, तर फळा मराठीत लिहावा लागेल. शिवाय या भूमीवर आधीपासून नांदणाऱ्या वारली, मांगेली या बोलींना ‘गोकुळधामा’त बिऱ्हाडच नाही.

भांडण चारचौघांत आणावे, निवाड्यात आपपरभाव ठेवू नये, लकबीवरून माणसाचे मोल ठरवू नये, एवढे या मालिकेपासून अवश्य घ्यावे. शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट मात्र ती कोणाकडूनच मागत नाही. ते आपणच आपल्याकडून मागावयास हवेत.