मार्क ट्वेनचे घर
हार्टफर्डच्या मार्क ट्वेनच्या घराचे कौतुक होते ते त्याच्या जीर्णोद्धाराबद्दल. मला मात्र त्याआधीचा काळ अधिक मोलाचा वाटतो.

१८७४ साली ट्वेन या विटांच्या वाड्यात राहावयास गेला. १८९१ मध्ये पैशाच्या ओढाताणीने त्याने तो सोडला. कर्ज फेडण्यासाठी व्याख्याने देत तो १८९६ च्या जानेवारीत मुंबईस आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची मुलगी सूझी हार्टफर्डच्या घरात वारली. आईबाप तेथे राहावयास कधीच परतले नाहीत. १९०३ मध्ये घर विकले गेले. पुढे तेथे शाळा भरली, भाडेकरू राहिले. १९२९ साली स्मारकासाठी ते विकत घेण्यात आले आणि तळमजल्यावर सार्वजनिक वाचनालयाची शाखा कित्येक वर्षे चालली.

१८८५ साली मॅसॅच्युसेट्समधील काँकर्डच्या वाचनालयाने ‘हकलबरी फिन’ अशिष्ट ठरवून बाहेर काढले होते. त्याच लेखकाच्या घरात वाचनालय नांदावे, याहून चोख उत्तर कोणते?

पुढे वाचनालय हलले. १८८१ मध्ये टिफनी व त्याच्या सहकाऱ्यांनी सजविलेली दालने १९७४ पर्यंत पूर्ववत करण्यात आली. ती देखणी आहेत, यात शंका नाही. पण आज ते घर तिकीट काढून पाहावे लागते. पूर्वी तेथून पुस्तक घरी नेता येत असे. मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो.