क्वांटम गटांवरील विकलन : वर्गीकरणानंतरचा प्रश्न

लाय गटावर विकलन कसे करायचे याचे उत्तर एकच असते. गट क्वांटम झाला, त्यावरच्या फलांचा गुणाकार क्रमसापेक्ष झाला, की हे एकमेवपण हरवते. स्तानिस्लाव वोरोनोविच यांनी १९८७ मध्ये क्वांटम एसयू(२)वर कलन रचले. मिती तीन, मूळ गटाइतक्याच. मात्र सममिती फक्त डाव्या बाजूची. १९८९ च्या लेखात त्यांनी ती दोन्ही बाजूंनी मागितली, तेव्हा हाती आली चार मितींची दोन कलने. पुढचा बराचसा इतिहास या एका जादा मितीशी झगडण्यात गेला.

वर्गीकरणाची किल्लीही त्याच लेखात आहे, आणि मला ती आजही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अविकारक घटकापाशी शून्य होणाऱ्या फलांपैकी कोणाचा विकलजही तिथे शून्य धरायचा, एवढेच ठरवा. ती फले मिळून क्वांटम गटावरच्या फलांच्या हॉप्फ बीजगणितात एक उजवा आयडियल झाला की डाव्या सममितीचे कलन तयार होते. आयडियल संयुग्मनानेही बदलत नसेल, तर सममिती दोन्ही बाजूंची. नेहमीच्या गटात हा आयडियल म्हणजे दुसऱ्या क्रमापर्यंत शून्य होणारी फले.

श्म्यूडगेन आणि श्यूलर यांनी १९९५ मध्ये गटांच्या चार अभिजात मालिकांवरच्या (ए ते डी) दोन्ही बाजूंच्या सममितीच्या कलनांची मोजदाद केली. मॅट्रिक्सच्या घटकांचे विकलज पुरेसे आहेत असे मानले, एकमितीय कलने आणि गट क्वांटम करणाऱ्या क्यू या प्रचलाच्या काही किमती वगळल्या, तर एसएल(३)वर सहा कलने उरतात, प्रत्येक नऊ मितींचे. गटाच्या मिती मात्र आठ. एसओ(५)वर तर दहाच्या जागी पंचवीस! माजिद यांनी, तसेच बाउमान व श्मिट यांनी १९९८ च्या सुमारास कारण दाखवले: अशी कलने गटाच्या अविभाज्य रिप्रेझेंटेशनांशी जोडलेली असतात आणि मिती त्यांच्या मितीच्या वर्गाइतकी येते. म्हणजे वाढ अपघाती नाही.

पण यादी पुरी झाली म्हणजे भूमिती कळली असे नव्हे. तीन वस्तूंच्या सहा मांडण्यांचा गट घ्या. त्याच्या फलांवरची दुतर्फा कलने संयुग्मी वर्गांवरून ठरतात. दोन वस्तूंच्या अदलाबदलींचा वर्ग घेतला तर तीन मिती मिळतात, चक्राकार फेरबदलांचा घेतला तर दोन. मात्र दुसऱ्या कलनात सम-विषम मांडण्या वेगळ्या ओळखणाऱ्या फलाचाही विकलज शून्य येतो. अवकाश दोन तुकड्यांत फुटतो. वर्गीकरण दोघांना सारखेच मानते. भूमितीला ते मानता येत नाही, आणि कोणते कलन निवडायचे याचा निकष मोजदादीतून मिळत नाही.

म्हणूनच हेकेनबर्गर आणि कोल्ब यांचे काम मी सर्वांत वर ठेवतो. त्यांनी गटाऐवजी अविभाज्य क्वांटम ध्वज-अवकाश घेतले, सममितीही एकाच बाजूची. सान्त मितीची अविभाज्य कलने तिथे नेमकी दोन निघाली, एक होलोमॉर्फिक आणि एक त्याचे प्रतिबिंब. दोन्ही जोडली की मितीही अभिजात अवकाशाच्याच. या पायावर पुढे केलर भूमिती उभी राहिली. पूर्ण ध्वज-अवकाशांसाठी एवढे नेटके उत्तर नाही. ए-मालिकेत ओ बुआखला आणि सोम्बर्ग यांनी लुस्टिग यांच्या मूळ-सदिशांतून कलन काढले आहे. दुतर्फा सममितीचा आग्रह त्यांनीही धरला नाही, आणि मला तेच योग्य वाटते.