सुनीत वाचावे कसे?

सुनीत शिकविताना आपल्या वर्गांतून प्रथम ओळी मोजल्या जातात, मग गण पाडले जातात. ओळी चौदा आणि वृत्त शार्दूलविक्रीडित हे एकदा सिद्ध झाले की सुनीत समजले असे मानण्यात येते. ही मोजदाद निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती वाचनाची पूर्वतयारी होय, वाचन नव्हे.

या प्रश्नाचा विचार आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात करणे आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. पैनगंगेच्या या तीरावर घरात मराठी आणि बाजारात तेलुगू ही स्थिती जुनीच आहे. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ साली या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. मराठी बोलणारी पुष्कळ गावे मात्र इकडेच राहिली. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगू आवश्यक झाली आहे. तेव्हा येथील मराठी विद्यार्थ्याच्या कानावर तेलुगू पद्यातील 'शार्दूलम्' पडतेच. गण तेच, अक्षरे एकोणीसच. मराठीत बाराव्या अक्षरानंतर आपण यती घेतो. तेलुगूत त्याच ठिकाणी, म्हणजे तेराव्या अक्षराशी, पहिल्या अक्षराची मैत्री जुळवावी लागते. ज्या वृत्तासाठी इतरत्र फळा भरून गण लिहावे लागतात, ते येथे कानाने ओळखता येते.

पण याच सोयीत एक धोका आहे. तेलुगू पद्य काय, संस्कृत श्लोक काय, चार चरणांत पुरा होतो. त्या सवयीचा वाचक सुनीतातील प्रत्येक चौकडीला स्वतंत्र श्लोक समजून तेथेच थांबतो. सुनीताचा प्राण मात्र थांबण्यात नसून वळण्यात आहे. इटालियन पद्धतीत हे वळण अष्टक संपून षट्क सुरू होताना येते. शेक्सपिअरच्या पद्धतीत तीन चौकड्यांचा भार शेवटच्या दोन ओळी उचलतात. इंग्रजी सुनीताची ओळ सामान्यतः दहा अक्षरांची, म्हणजे सारी कविता सुमारे १४० अक्षरांची. शार्दूलविक्रीडितात तीच २६६ अक्षरांची होते. जागा वाढली की विशेषणांची भरती करण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ मराठी सुनीते याच मोहाने शिथिल झाली आहेत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून हा प्रकार मराठीत आणला व त्यास 'चतुर्दशक' म्हटले. नुसते शीर्षक पाहा: दोन्ही वस्तू शहाजहानच्याच, त्यांतील सिंहासन १७३९ साली नादिरशहाने नेले, ताजमहाल राहिला. शीर्षकातील 'आणि' हा शब्दच वाचकाला प्रश्न विचारतो. कवी एका वस्तूकडून दुसरीकडे कोणत्या ओळीत वळला, आणि वळताना त्याचा स्वर बदलला काय, हे शोधणे म्हणजे सुनीत वाचणे. माधव ज्यूलियनांच्या 'तुटलेले दुवे' (१९३८) या सुनीतमालेत तर प्रत्येक सुनीताचे वळण पाहून पुन्हा त्याचा मागच्या-पुढच्याशी सांधा पाहावा लागतो.

म्हणून शिक्षकांस आमची सूचना एवढीच की, गण पाडण्यापूर्वी कविता दोनदा मोठ्याने वाचावी आणि विद्यार्थ्यांस विचारावे, "विचार कोठे वळला?" उत्तरे दोन आली तर उत्तमच, प्रत्येकाने आपली ओळ दाखवावी. एकोणीस अक्षरे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहेत. सुनीत समजल्याची खूण मात्र ते वळण दाखविता येण्यातच आहे.