क्रिस्तपुराणाचें अध्यापन : दोन अपराधी शिष्य

फादर स्टीफन्सकृत क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें प्रथम मुद्रित झालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं एकाचीही प्रत ज्ञात नाहीं. १९०७ ची मंगळूरची रोमन लिपींतील आवृत्ति व लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी यांवरच अभ्यासकांची मुख्य भिस्त आहे. पाठभेदांची चिकित्सा आवश्यक खरी. परंतु साष्टींतील नवख्रिस्ती जनांकरितां रचिलेला हा ग्रंथ मुलांस कसा शिकवावा, हा प्रश्नही उपेक्षणीय नाहीं. आम्ही स्वतः मराठीच्या स्तुतीच्या ओव्या शिकवून थांबत असूं.

दुसऱ्या पुराणांत ख्रिस्तचरित्र आहे. त्यांतील पेत्र व यहूदा हे दोन शिष्य पाहावे. एकानें गुरूची ओळख तीन वेळां नाकारली, दुसऱ्यानें तीस रुप्याच्या नाण्यांस गुरु विकला. ‘एकास पश्चात्ताप झाला, दुसऱ्यास झाला नाहीं,’ असें तात्पर्य शिक्षक सांगतात. मूळ शुभवर्तमानांस तें धरून नाहीं. मत्तयाच्या कथनाप्रमाणें यहूदासही अनुताप झाला, त्यानें पाप कबूल केलें व नाणीं परत केलीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचीं म्हणून सांगितलेलीं ख्यापन व अनुताप हीं दोन्ही साधनें येथें आहेत. मग तो गळफांस कां घेतो? आमच्या मतें, तो ज्यांच्याकडे गेला त्या याजकांनीं ‘त्याचें आम्हांस काय?’ अशा अर्थाचें उत्तर दिलें. आणि जेथें क्षमा होती तेथें तो गेलाच नाहीं. पेत्र मात्र रडला, पण जिवंत राहिला. योहानाच्या कथनांत त्यानें नकार दिला तो कोळशांच्या शेकोटीपाशीं. पुनरुत्थित गुरु त्यास भेटतो तोही कोळशांच्या विस्तवापाशींच, आणि तीन नकारांमागें तीन वेळां प्रेमाविषयीं विचारतो. अपराध विसरला जात नाहीं. त्याच जागीं उभें करून भार उतरविला जातो.

एका विद्यार्थ्यानें आमच्याकडे येऊन चोरी कबूल केली, तेव्हां आम्हीं त्यास वर्गासमोर उभें केलें. पुन्हा तो कधींही कांहीं सांगावयास आला नाहीं. त्या दिवशीं याजकांची भूमिका आम्हीं केली, हें या कथेनें आम्हांस उशिरां शिकविलें. म्हणून बालवाचकांसाठीं वेंचे काढणाऱ्या संपादकांनीं भाषास्तुतीसोबत हा प्रसंग अवश्य घ्यावा, आणि त्याखालीं तयार तात्पर्य छापूं नये, एवढीच आमची सूचना आहे.