‘स्पर्श’ : बाणा आणि सराव

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) हा हिंदी चित्रपट शिक्षकांनी जरूर पाहावा. अंधशाळेचा अंध प्राचार्य अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) याला कुणाची दया नको असते. न विचारता पुढे आलेला मदतीचा हातही त्याला खुपतो. मदत आणि कीव यांतला फरक चित्रपट फार संयमाने दाखवतो.

तरीही एक उणीव आम्हाला जाणवते. अनिरुद्धचे स्वावलंबन हा त्याचा मानी स्वभावच वाटतो. ते शिकावे लागते, ही बाजू मागे राहते. लांब पांढरी काठी घेऊन चालताना डावा पाय पुढे पडतो, तेव्हा काठीचे टोक उजवीकडे टेकते. पुढच्या पावलाची जागा अशी आधीच तपासली जाते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली. पेला भरत आला की आतला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाजाची पट्टी चढते. ती ओळखायलाही सराव लागतो.

म्हणून चित्रपट दाखवल्यावर मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देऊ नये. त्यातून नवख्याची भीती कळते, शिकलेल्याचे कसब नव्हे. त्याऐवजी एवढे सांगावे : आधी विचारा, हात धरून ओढू नका, आपले कोपर धरू द्या.

शिकवणारा न देता अंध मुलाकडून अनिरुद्धचा बाणा मागणे, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.