कौटुंबिक पत्राची संहिता : आनंदीबाई जोशी

आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील पत्रांकडे मराठी समीक्षेने बहुधा चरित्राचे साधन म्हणूनच पाहिले आहे. काशीबाई कानिटकरांनी आपल्या चरित्रग्रंथात त्यांचा विपुल उपयोग केला, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने त्याच जीवनाला कथारूप दिले. दोहोंतही पत्र दुसऱ्याच्या निवेदनात विरघळते. स्वतंत्र संहिता म्हणून त्याचा विचार राहून जातो.

पत्राची संहिता घडते ती ज्याला ते लिहिले त्याच्या संदर्भात. १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर गोपाळरावांना मराठीत लिहिणाऱ्या आनंदीबाई आणि रोझेलच्या कार्पेंटरबाईंना मावशी मानून इंग्रजीत लिहिणाऱ्या आनंदीबाई यांचा स्वर एक नाही. गोपाळराव पती तसेच गुरूही. त्यामुळे त्यांना धाडलेला वृत्तान्त पुष्कळदा जबाब होतो. तिथल्या थंडीत नऊवारी लुगडे पुरेना, तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरवले. अनुज्ञा मागून उत्तर यायचे तर महिने लागत. थंडी तोवर थांबणार नव्हती. हे अंतर केवळ भौगोलिक नव्हे, ते या पत्रांचे रचनातत्त्व आहे. निर्णय आधी, समर्थन मागाहून, या क्रमातूनच आज्ञाधारक भाषेआड स्वतंत्र कर्तेपण उभे राहते.

चरित्रकार कालक्रम लावतो, कादंबरीकार मनोगत पुरवतो. पत्रोत्तराच्या विलंबाने दिलेली ही मुभा मात्र दोघांच्याही हातून निसटण्याचा संभव असतो. म्हणून ही पत्रे प्रथम पत्रे म्हणूनच वाचली पाहिजेत.