त्याग कोणाचा, तारण कोणाचें?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची सुशिक्षित घरांतून जी ओळख असते ती बहुधा दोन टोकांची. एका टोकास फादर स्टीफन्सनें केलेली मराठी भाषेची स्तुति. ती शालेय पुस्तकांतून पुष्कळांच्या कानांवर गेलेली असते. दुसऱ्या टोकास लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. त्यांवांचून मराठी आत्मचरित्राची चर्चा पुरी होत नाहीं. ह्या दोहोंच्या मधला खरा ऐवज म्हणजे शास्त्र, बलिदान आणि तारण ह्यांविषयींचें चिंतन. त्याकडे मात्र ‘तें त्यांचें धर्मप्रकरण’ असें म्हणून पाठ फिरविली जाते. ह्या उपेक्षेनें ख्रिस्ती समाजाचें नुकसान किती झालें तें तोच जाणे. मराठी वाचकाचें फार झालें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दांचेंच पाहूं. ‘तारण’ हा ख्रिस्ती मराठींतील मध्यवर्ती शब्द. पण बाजारांत तारण म्हणजे कर्जापोटीं ठेवलेला जिन्नस. सोनें तारण ठेवावें, शेत गहाण टाकावें, आणि मुदत भरण्यापूर्वीं जमल्यास सोडवून आणावें. तरून जाणें आणि अडकून पडणें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या आश्रयास आले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. यहुदी शास्त्रांत ‘गोएल’ म्हणून एक नातलग सांगितला आहे. भाऊबंदाची विकली गेलेली जमीन मोल भरून सोडविणें हें त्याचें कर्तव्य. रूथच्या गोष्टींतील बवाज हेंच करितो. वेशींत बसून, दहा वडीलधाऱ्यांसमक्ष, दुसऱ्या जवळच्या नातलगास आधीं विचारून तो नामीचें शेत सोडवितो आणि त्याबरोबर रूथचा स्वीकार करितो. म्हणजे तारणाची मूळ कल्पना शेताच्या बांधावरची आहे. ती कुणब्यास समजावून सांगण्यास पंडित लागत नाहीं.

आम्ही ज्या हर्सुलास बसून हें लिहीत आहों त्याचें नांव बाहेरच्या माणसास पुष्कळदां तेथील मध्यवर्ती कारागृहामुळें ठाऊक असतें. तुरुंगाच्या भिंतीजवळ राहणाऱ्यास ‘सुटका’ हा शब्द अलंकार म्हणून सहज वापरतां येत नाहीं. सुटकेस तारीख असते, कागद असतो, आणि दाराबाहेर ताटकळत उभीं राहिलेलीं माणसें असतात. भक्तिपर लेखनांत ‘तारण’, ‘रक्त’, ‘कोंकरा’, ‘खंडणी’ हे शब्द एकामागून एक येऊं लागले कीं आम्ही हीच कसोटी लावितों: लेखकास तो कागद आणि तीं माणसें दिसत आहेत काय? बहुतेक पुस्तिकांतून तीं दिसत नाहींत. शब्द गुळगुळीत झालेल्या नाण्यांसारखे हातोहात फिरतात, आणि लेखक आपण चिंतन केलें ह्या समाधानांत असतो.

स्टीफन्सची गोष्ट वेगळी. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत साष्टीच्या बाजूसच राबला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओव्या सुमारें अकरा हजार. इकडे पैठणास एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. हर्सुलाहून पैठण पन्नास-साठ किलोमीटरांवर. त्या काळच्या हिशेबानें गोवें मात्र दुसऱ्या राज्यांत आणि दुसऱ्या जगांत. तथापि ओवी ही ज्ञानदेवांपासून सर्वांच्या मालकीची असल्यामुळें परदेशी पाद्र्यास तिच्यांत घर बांधतां आलें. तात्पर्य सांगून मोकळें होण्यापेक्षां कथा सांगत राहणें, श्रोत्याच्या शंका मध्येंच काढणें, आदामाच्या पतनापासून वधस्तंभापर्यंत एकच धागा ओढणें, ही पुराणिकाची रीत त्यानें पूर्णपणें आपलीशी केली. सिद्धान्त कथेच्या पोटांत राहिला म्हणूनच तो पचला.

पण ह्या ग्रंथाच्या जन्मकथेंत एक कांटा आहे. आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं, असें एक ब्राह्मण पाद्र्यास विचारतो, अशी हकीकत स्टीफन्सनेंच ग्रंथाच्या आरंभीं दिली आहे. ती देण्याइतका तो प्रामाणिक होता, ह्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे. साष्टींत १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि पुढें तेथील गांवकऱ्यांच्या म्होरक्यांस बोलण्याच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. पाद्र्यांस चर्चनें हुतात्मे म्हटलें. गांवकऱ्यांचे स्मरण गांवानें केलें. अशा भूमींत बसून बलिदानाचें पुराण लिहावयाचें, तर ‘येथें कोणी काय दिलें आणि कोणाकडून काय घेतलें गेलें’ हा प्रश्न ओवीच्या खालीं धगधगत राहणारच. आमच्या मतें त्यामुळेंच ‘ख्रिस्तपुराणा’तील दुःखभोगाचा भाग नुसत्या धर्मोपदेशापेक्षां अधिक जड लागतो.

बलिदानाच्या कथेंत सर्वांत कठीण ती अब्राहाम आणि इसहाकाची. बाप पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, तिसऱ्या दिवशीं डोंगर दृष्टीस पडतो, आणि होमाचीं लांकडें मुलाच्याच पाठीवर देतो. ख्रिस्ती भाष्यकारांनीं आरंभापासून ह्या लांकडांत वधस्तंभाची छाया पाहिली. आमचें लक्ष मात्र दुसरीकडे जातें. ह्या संबंध अध्यायांत साराचें नांव नाहीं. आईस कोणीं विचारलें नाहीं, सांगितलें नाहीं. आणि पुढचा अध्याय उघडतो तो तिच्या मरणावर. शास्त्रकारानें कारण दिलेलें नाहीं, आणि आम्हीही तें जोडूं इच्छीत नाहीं. पण दोन अध्यायांमधील ती रिकामी जागा डोळ्यांआड करतां येत नाहीं.

श्रीधराच्या ‘शिवलीलामृतां’तील श्रियाळ-चांगुणेची कथा ह्याच जातीची, आपल्या बायकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या गाइली. अतिथि येतो तो चिलयाचें मांस मागतो, आणि येथें डोंगर चढणारा बाप एकटा नाहीं. उखळाशीं चांगुणा आहे. कांडायचें तिनें, आणि डोळ्यांत पाणी येऊं द्यायचें नाहीं तेंही तिनें. शेवटीं मूल हांकेसरशीं धांवत येतें, जसा इसहाक झुडुपांत अडकलेल्या एडक्यामुळें वांचतो. परंतु तोंपर्यंत ऐकणारीच्या पोटांत जें कालवावयाचें तें कालवून झालेलें असतें. दोन कथांत श्रेष्ठ कोणती हा वाद आम्हांस मांडावयाचा नाहीं. मराठी घरांत बलिदानाची कथा सांगतांना आई कथेबाहेर ठेवतां येत नाहीं, एवढेंच येथें नोंदवितों. मराठी ख्रिस्ती चिंतनास ही जोड फुकट मिळण्यासारखी होती. ती फार थोड्यांनीं घेतली. पिता आपला पुत्र देतो हें पुन्हा पुन्हा लिहिलें गेलें. स्तंभाखालीं उभ्या असलेल्या मरियेपाशीं लेखणी क्वचितच थांबली.

नारायण वामन टिळक ह्यांची भक्ति तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेली, असें ते स्वतःच सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरु आहे, सखा आहे, माउली आहे; वारकऱ्याच्या कानास त्यांत कांहीं परकें लागत नाहीं. टिळकांचें हें कार्य मोठें होय. त्यांच्या आधींचीं पुष्कळशीं गीतें इंग्रजी चालींवर मराठी शब्द कसेबसे बसविलेलीं होतीं. परंतु ह्या यशाची किंमतही पडली. विरह आणि मीलन हीं भक्तिकाव्याचीं दोन पाउलें झालीं कीं वधस्तंभ हळूहळू मागें सरतो. खिळे, तहान, कपडे वांटून घेणारे शिपाई, हें सर्व गोडव्यांत विरघळतें. त्यागाचें गाणें होतें. त्यागाचा हिशेब राहून जातो.

तो हिशेब घरांत दुसऱ्या कोणीं तरी ठेवला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पत्नी व लहान मूल मागें राहिलीं. जवळजवळ पांच वर्षें दोघें वेगळीं होतीं. लक्ष्मीबाईंनीं १९०० मध्यें दीक्षा घेतली. १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत निघालेलीं ‘स्मृतिचित्रें’ आम्ही पुष्कळदां विनोदी म्हणून वाचतों, आणि तीं विनोदी आहेतही. पण नवरा धर्मासाठीं सर्वस्व सोडतो तेव्हां त्या सर्वस्वांत बायकोही मोजली जाते, आणि सोडलें जाण्याविषयीं तिचें मत कोणीं घेतलेलें नसतें, हें त्या पुस्तकाइतकें स्वच्छ दुसऱ्या कोठें दिसत नाहीं. उदार माणूस हाताशीं येईल तें देऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवशीं चूल पेटवावयाची असते तिनें. बाईंनीं ह्यावर प्रवचन केलेलें नाहीं. टिळकांवरचें त्यांचें प्रेम ओळीओळींतून ओसंडतें. रागही तितकाच खरा. शिवाशिवीच्या कल्पना एकेक करून कशा गळल्या हें त्या सांगतात तेव्हां परिवर्तनाचा मार्ग तत्त्वज्ञानांतून न जातां पाण्याच्या भांड्यावरून आणि जेवणाच्या पंगतींतून जातो. बलिदान व तारण ह्यांवरील मराठींतील उत्कृष्ट चिंतन कोणतें असें कोणीं विचारल्यास, धर्मग्रंथांच्या फळीवर ज्याची गणना होत नाहीं अशा ह्या पुस्तकाचें नांव आम्ही घेऊं.

पंडिता रमाबाईंनीं दुसरी वाट धरिली. केडगांवच्या संस्थेस ‘मुक्ति’ हें नांव देणाऱ्या ह्या विदुषीनें हिब्रू व ग्रीक मुळावरून सबंध बायबल साध्या मराठींत आणिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. संस्कृत पुराणें ज्यांस मुखोद्गत त्यांनीं जाणूनबुजून संस्कृत डौल टाकावा, हाही एक त्यागच. आणि हा मात्र निखालस त्यांचा स्वतःचा. वाचतांना भाषा कोठें कोठें खडबडीत लागते हें खरें, तरी दुष्काळांतून आणलेल्या मुलींस ती समजावी हा हेतु लक्षांत घेतल्यास तक्रार करवत नाहीं.

टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य १९१९ मध्यें त्यांच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें. त्याचा पुढील मोठा भाग लक्ष्मीबाईंनीं लिहिला. १९३८ मध्यें ग्रंथ बाहेर पडला तेव्हां त्याही हयात नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरें शिकलेल्या बाईनें नवऱ्याच्या ख्रिस्ताची कथा पुढें नेली. पति-पत्नीचे अध्याय शेजारीं ठेवून, वधस्तंभाकडे कोण कोठून पाहतें एवढ्याच दृष्टीनें ते कोणीं तरी सावकाश ताडून पाहावेत.